दम खाल्लेली गाडी

हळूकाकांना गाडीची फार दया यायची. स्वतःची कधी आली नाही, ती गोष्ट वेगळी. डायलिसिस सेंटरची पांढरी डिझेल व्हॅन ते नऊ वर्षं चालवत होते. या नऊ वर्षांत धावून आलेली गाडी त्यांनी एकदाही तशीच कुणाच्या ताब्यात दिली नव्हती. टायर बदलायचा असो की गॅरेजात दाखवायची असो, आधी ती भिंतीच्या सावलीला उभी करायची, बॉनेट उघडायचं आणि तास-दीड तास तिला दम खाऊ द्यायचा. धापा टाकणाऱ्या माणसाला कुणी पाहुण्यांसमोर उभं करतं का, असं त्यांचं म्हणणं. बायको म्हणायची, माझ्यासमोर कधी असे दीड तास बसला नाहीत. यावर ते हसायचे आणि भाजीचं काहीतरी विचारायचे.

हळूकाका हे नाव पेशंटांनी पाडलेलं. माणूस गाडीत चढताना ते 'हळू', बसताना 'हळू' आणि उतरताना तर दोनदा 'हळू हळू' म्हणत. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, सहा घरांतून सहा पेशंट गोळा करायचे, सेंटरवर सोडायचे. तिथं मशीन चार तास त्यांचं रक्त काढून, धुऊन परत आत घालायचं. ते होईस्तोवर खाली पार्किंगमध्ये थांबायचं आणि मग पिळून काढलेल्या कपड्यांसारखी झालेली ती सहा माणसं ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवायची. चार तासांत हळूकाका गाडी पुसत, डबा खात आणि सीटवर मान टाकून पडत. झोप लागायची नाही. वय एकसष्ट, आणि थकवा असा की झोपेनंसुद्धा जाईना.

तीन महिन्यांपूर्वी गाडीत गचका आला.

गाडी ऑटोमॅटिक. गिअर हातानं टाकायचा नाही, तिचा तीच वर चढवते आणि वेग कमी झाला की तिचा तीच खाली उतरवते. वर चढवताना सगळं लोण्यासारखं. पण सिग्नल आला, ब्रेकवर पाय ठेवला, गाडी थांबत आली की तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर उतरताना मागून कुणी ढकलावं तसा गचका. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटलं नसतं. पण ज्याच्या दंडात नुकत्याच दोन जाड सुया जाऊन आल्यात आणि पट्टीखाली रक्त जेमतेम थांबलंय, त्याला तो बरोबर तिथंच लागतो. पेशंट दंड धरून डोळे मिटायचे. हळूकाका आरशात बघायचे आणि त्यांच्या तोंडचं 'हळू' घशातच राहायचं.

त्याच तीन महिन्यांत आणखी एक गोष्ट झाली होती, ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. उजवा पाय बधिर वाटू लागला होता. सकाळी ठीक असे. दुपार कलली की मोजा काढला तरी मोजा घातल्यासारखंच वाटे. रक्तातली साखर सहा वर्षांपासून होती. मोरीत दार लावून त्यांनी कंगव्याचे दात पायाच्या बोटांना टोचून बघितले होते. कधी समजायचे, कधी नाही. म्हणजे ब्रेकवरचा पाय, आणि त्याच पायाचा भरवसा नाही. गचका गाडीचा की आपल्या पायाचा, हे त्यांचं त्यांनाच कळेना. रोज संध्याकाळी गाडी लावताना त्यांना वाटायचं, आज कोण थकलंय, ही की मी?

गॅरेजला गाडी दोनदा दाखवून झाली. गॅरेज एका बाईंचं. वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या, चाळिशीच्या, तोंडानं तुटक आणि हातानं पक्क्या. गाडीबद्दल त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी गिअरबॉक्सखाली तेलाचे थेंब पडू लागले तेव्हा सील बदलून नवं तेल त्यांनीच भरलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी कॉम्प्युटर लावला, कॉम्प्युटरनं काही दाखवलं नाही. दोन्ही वेळा गल्लीतून दहा मिनिटं फिरवून आणली, गाडी सुनेसारखी गपगुमान चालली. दुसऱ्या वेळी हात पुसत म्हणाल्या, "गाडीत काही नाही काका. पाय तपासून घ्या एकदा."

त्या गमतीनं म्हणाल्या. पण तेव्हाच सेंटरचे साहेब फोनवर होते, आणि टेबलावरच्या फोनचा स्पीकर चालू होता.

सोमवारी साहेबांनी वर बोलावलं. साहेब हळूकाकांच्या मुलापेक्षा लहान, वागायला चांगले. आधी पाणी विचारलं. मग म्हणाले की काका, तुमच्यावर राग नाही कुणाचा, पण पेशंटला त्रास होतोय आणि गॅरेजही म्हणतं गाडीत दोष नाही. शुक्रवारपर्यंत बघू. नाही थांबलं तर पुढच्या सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर येईल, तुम्ही खाली दारात टोकनच्या खुर्चीवर बसा. आरामाचं काम आहे.

आरामाचं काम. हळूकाका जिन्यानं खाली आले आणि त्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. प्लास्टिकची, एक हात मोडलेली. येणाऱ्याला कागदाचा नंबर द्यायचा, जाणाऱ्याकडून परत घ्यायचा. त्यांनी आयुष्यभर माणसं इथून तिथं नेली. आता माणसं जाणार आणि ते बसणार.

बुधवारी यात भर पडली. पेशंटांमध्ये एक मास्तरीणबाई होत्या, अठ्ठ्याहत्तरच्या, शाळा सोडून वीस वर्षं झाली तरी आवाजातली छडी तशीच. सगळ्यांत लांब त्यांचं घर, म्हणून सकाळी पहिल्या त्या आणि दुपारी सगळ्यांत शेवटी त्या. ड्रायव्हरच्या मागची सीट त्यांची. महिनाभर त्या मांडीवर वही घेऊन काहीतरी लिहीत होत्या. आरशातून दिसायचं. गचका बसला की पेन हलायचं. बुधवारी दारात उतरताना त्यांनी वही पुढे केली.

"ड्रायव्हरसाहेब, ही तुमच्या साहेबांना द्या. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. सगळं तारीखवार आहे."

"माझंच प्रगतिपुस्तक माझ्याच हाती देता होय, बाई?"

"वर्गातला विश्वासू मुलगा असतो ना, त्याच्याच हाती देतात," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि कठड्याला धरून आत गेल्या.

हळूकाकांनी ती वही दोन्ही हातांनी धरली. गाडीत बसून उघडली. वळणदार अक्षर, पट्टीनं आखलेल्या रेघा. तारीख, वेळ, जागा, आणि गचका बसला असेल तिथं फुली. फुल्या बघून त्यांचे डोळे भरून आले, मग त्यांना स्वतःचाच राग आला. वही सीटखाली ठेवली आणि साहेबांकडे न जाता गाडी गॅरेजकडे वळवली. शेवटचं एकदा विचारून बघू, म्हणजे मनाला लागून राहणार नाही.

गॅरेजच्या समोर भिंत होती. तिच्या सावलीला गाडी लावली, बॉनेट उघडलं आणि नेहमीसारखे गाडीच्या पायरीवर टेकले.

असा तास गेला असेल. गॅरेजवाल्या बाई चहाचा ग्लास घेऊन बाहेर आल्या, तेव्हा त्यांना समोर पांढरी गाडी दिसली आणि पायरीवर बूट काढून पाय चोळत बसलेले काका दिसले.

"कधी आलात?"

"झाला असेल तासभर."

"मग आत का नाही आणली?"

"दम खाऊ देतोय तिला. लांबून आलीय," हळूकाका म्हणाले.

बाईंचा ग्लास ओठाजवळ जाऊन थांबला. त्या रस्ता ओलांडून आल्या, उघड्या बॉनेटमध्ये हात घातला, परत काढला. मग वेगळ्याच आवाजात विचारलं, "दर वेळी असंच करता?"

"दर वेळी. नऊ वर्षं. धापा टाकणारी गाडी मी कुणाला दाखवत नाही."

"मागच्या दोन्ही वेळा?"

"हो."

"सील बदललं, तेल भरलं, तेव्हा?"

"तेव्हा तर दोन तास दिला होता. गर्दी होती ना तुमच्याकडे. तुम्ही विचारलंत, चालवत आणलीत ना? म्हटलं, हो. चालवतच आणली होती, ढकलत नाही."

बाई त्यांच्या शेजारी पायरीवरच बसल्या. चहाचा ग्लास खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं की पेशंटांना गचका नेमका कधी बसतो, सकाळी की दुपारी, सुरुवातीला की नंतर. हळूकाका म्हणाले, बसतो तेव्हा बसतो, घड्याळ कोण बघतं. मग त्यांना वही आठवली. सीटखालून काढून दिली, तोंड दुसरीकडे करून, उघड्या जखमेकडे बघू नये तसं.

बाईंनी पानं उलटली. काळ्या नखाचं बोट रेघेवरून खाली खाली सरकत गेलं. सकाळी पहिलं घर, फुली नाही. दुसरं, नाही. तिसरं, नाही. चौथ्या घरानंतर फुली, मग पुढे सगळ्या फुल्याच. दुपारी परतताना पुन्हा तसंच, पहिली दोन घरं कोरी, नंतर फुल्या. महिनाभर हेच. पाय बिघडला असता तर पहिल्या घरालाही बिघडला असता.

"ही बाई कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मास्तरीण होत्या."

"गॅरेजात पाहिजे होत्या," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "चावी द्या. आज मी चालवते. तुम्ही मागे बसा, त्यांच्या जागेवर."

नऊ वर्षांत हळूकाका मागच्या सीटवर कधी बसले नव्हते. सीटच्या कडेला एक स्प्रिंग वर आलीय, पडदा खिडकीला पुरत नाही, हे त्यांना आज कळलं. बाईंनी गाडी गल्लीत फिरवली नाही. थेट मोठ्या रस्त्याला नेली, पुलावर चढवली, उतरवली, बाजाराच्या गर्दीत थांबत थांबत नेली, पुन्हा मोठ्या रस्त्याला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. गाडी लोण्यासारखी. हळूकाकांचा जीव टांगणीला लागला. प्रत्येक सिग्नलला ते वाट बघायचे. आपली गाडी बिघडलेली निघावी म्हणून माणूस देवाला हात जोडतो, असं कधी ऐकलंय? त्यांनी जोडले.

पस्तीस मिनिटांनी एका चौकात बाईंनी ब्रेकवर हलकेच पाय ठेवला, आणि मागून कुणी ढकललं.

दंडात सुई नव्हती तरी हळूकाकांचा हात आपोआप दंडावर गेला. पुढच्या सिग्नलला पुन्हा. त्याच्या पुढच्याला पुन्हा. बाईंचा पाय तरणा, गॅरेजात उभा राहून घट्ट झालेला. त्याच पायाखाली गचका बसत होता.

"बसला," हळूकाका म्हणाले.

"कळलं मला," बाई म्हणाल्या.

हळूकाका पडद्याआडून बाहेर बघत राहिले. तीन महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं, आणि ते गेल्यावर आपण किती दमलो आहोत हे त्यांना पहिल्यांदा नीट कळलं. इतकं, की पुढचा गचका बसला तेव्हा त्यांचा डोळा लागला होता.

गॅरेजात आल्यावर बाईंनी गाडी बंद केली नाही. इंजिन चालूच. गिअरबॉक्सच्या नळीचं झाकण काढलं, लांब पट्टी आत घातली, पुसून पुन्हा घातली आणि बाहेर काढून उजेडात धरली. पट्टीवर दोन खुणा होत्या. खालची थंड तेलासाठी, वरची गरम तेलासाठी, कारण तेल तापलं की फुगतं आणि वर चढतं. आत्ता तेल वरच्या खुणेच्याही चांगलं दोन बोटं वर होतं, आणि त्यात साबणाच्या पाण्यासारखे बारीक बुडबुडे होते.

तीन महिन्यांपूर्वी काय झालं ते बाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं. गाडी धावून आलीय असं समजून त्यांनी सील बदललं, तेल भरलं, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून मापलं. गरम गाडीला दहा मिनिटं पुरली असती. पण दोन तास दम खाल्लेल्या थंड गाडीत त्यांनी तेल वरच्या गरम खुणेपर्यंत भरलं. म्हणजे जास्त झालं. गाडी थंड असेतोवर काही नाही. तापली की तेल फुगतं, आतली चाकं त्यात बुडून ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. मग गिअर उतरताना आधी सटकतो आणि एकदम बसतो. तोच गचका. "आणि दाखवायला आणताना तुम्ही ती दर वेळी थंड करून आणलीत, म्हणून मला कधी दिसलाच नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे चूक माझीच," हळूकाका म्हणाले.

"हात लावून बघायला मला काय झालं होतं? तुमचं ऐकलं आणि मापलं. वडील असते तर कानाखाली वाजवली असती." त्या नळीत हातपंप घालत होत्या, मान वर केली नाही. "वर तुमच्या पायाचा विषय काढला. ते साहेबांना मी स्वतः सांगते. आत्ताच."

आणि फोन लावून त्यांनी सांगितलंही. सबब सांगितली नाही. तेल जास्त माझ्याकडून भरलं गेलं, काकांच्या पायाचा संबंध नाही, एवढंच.

जास्तीचं तेल बाटलीत आलं, जवळजवळ लिटरभर, लाल, फेसाळलेलं. हळूकाका बाटलीकडे बघत राहिले. एवढ्याशा लाल पाण्यानं माणसाला खुर्चीवर बसवलं असतं.

पण काम अजून संपलं नव्हतं. बाई म्हणाल्या की या गिअरबॉक्सला डोकं असतं. तीन महिने फेसावर चालून त्यानं वाईट सवयी लावून घेतल्यात, त्या कॉम्प्युटरनं मी पुसून टाकते, पण नव्या शिकवायला लागतात. एकसारखा ब्रेक, हळूहळू, गाडी पूर्ण थांबेपर्यंत. असं पंधरा-वीस वेळा. मध्येच जोर नको, मध्येच सोडायचं नाही. माझा पाय घाईचा आहे, मला नाही जमत.

"मग?"

"मग तुम्ही. हळूकाका कशाला म्हणतात तुम्हाला?"

संध्याकाळच्या उजेडात सेंटरमागच्या मोकळ्या रस्त्यावर हळूकाकांनी गाडी वीस वेळा पळवली आणि वीस वेळा थांबवली. बाई शेजारी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसल्या. पहिल्या चार-पाच वेळा किंचित हिसका जाणवला, मग तोही विरला. पाय दुपारपासून बधिर होता, पण मांडीला आणि गुडघ्याला तेहतीस वर्षांच्या ड्रायव्हिंगचं सगळं पाठ होतं. विसाव्या वेळी गाडी कधी थांबली ते बाईंना वर बघेपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी पाच घरं झाली. सहाव्या घरापुढे गाडी उभी राहिली, तरी मागून कुणी उतरेना. हळूकाकांनी वळून बघितलं. मास्तरीणबाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या, तोंड उघडं, दंडावरचा हात सुटून मांडीवर पडलेला. पेन सीटखाली घरंगळलं होतं. नव्या वहीचं पान तारीख घालून आखलेलं होतं आणि खाली काही नव्हतं. हळूकाकांनी इंजिन बंद केलं आणि पाच मिनिटं त्यांना तसंच झोपू दिलं. मग हळू म्हणाले, "हळू."

"पोचलो?" मास्तरीणबाई दचकून म्हणाल्या, आणि वहीत बघून थोड्या ओशाळल्या. "आज माझी गैरहजेरी लागली म्हणायची."

साहेबांचा फोन आला की सोमवारी नेहमीसारखं या. हळूकाका बरं म्हणाले. आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. अंगात जागाच नव्हती.

डॉक्टरांकडे ते दर तीन महिन्यांनी जात. सुट्टीच्या दिवशी, सकाळी, आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, बाकावर अर्धा तास शांत बसून. डॉक्टर विचारत कसं वाटतं, ते म्हणत उत्तम. तेव्हा खरंच उत्तम वाटत असे. आज गाडी लावल्यावर त्यांनी घरी फोन केला आणि बायकोला सांगितलं की जेवायला थोडा उशीर होईल, डॉक्टरांकडे जाऊन येतो.

"अशा अवतारात?" बायको म्हणाली. "आधी घरी या, हातपाय धुवा, जरा पडा. मग जा."

"नको," हळूकाका म्हणाले. "तसं सहा वर्षं केलं."

दवाखान्यात डॉक्टर उठायच्याच बेतात होते. घामानं चिकटलेला शर्ट, डोळ्यांखाली काळं, बुटांवर धूळ अशा अवतारातले काका बघून त्यांनी विचारलं, इतकं काय तातडीचं?

हळूकाका खुर्चीवर बसले आणि उजव्या बुटाची नाडी सोडू लागले.

"आत्ताच बघा," ते म्हणाले. "गरम आहे तोवर."

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण त्यांनी पाय हातात घेतला, एक बारीक दोरा काढला आणि डोळे मिटायला सांगितलं. दोरा टेकलेला समजला की हो म्हणा. हळूकाकांनी डोळे मिटले. टाच, हो. मधला तळवा, हो. अंगठा, हो. मग बराच वेळ काही झालं नाही. दोरा कुठंतरी फिरत असणार, एवढं त्यांना कळत होतं. हो म्हणावंसं फार वाटत होतं.

ते गप्प राहिले.